जिन्याखालचा सर्व्हर

चंद्रपुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये मी काही वर्षं सीटी स्कॅन वाचण्याचं काम केलं. त्या हॉस्पिटलच्या मालकाचा मला आजही मनापासून तिटकारा आहे, आणि वय वाढल्यावर माणूस मऊ होतो म्हणतात, तसं माझ्या बाबतीत काही होईल असं दिसत नाही.

मालक हाडांचे डॉक्टर. हात चांगला होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. माजरीच्या खाणीत पाय चिरडलेली माणसं त्यांच्याकडून चालत घरी गेली आहेत. पण हाडापलीकडे त्यांना काही कळत नसे आणि आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज होता. मी चाळिशी ओलांडलेली, रेडिओलॉजीत एम.डी. केलेली बाई, आणि ते मला चारचौघांत ‘बेटा’ म्हणत. मी मूल गावची. आमच्याकडे ‘बेटा’ म्हणतात ते प्रेमानं. हे म्हणायचे ते समोरच्याला खाली बसवायला.

हॉस्पिटलचं प्रशासन त्यांच्या मेहुण्याकडे होतं. या गृहस्थांनी आयुष्यात बरेच धंदे करून पाहिले होते. ट्रान्सपोर्ट, मंगल कार्यालय, मधे एकदा तेंदूपत्त्याचं काहीतरी. सगळे बसले. शेवटी बहिणीनं त्यांना हॉस्पिटलमध्ये आणून बसवलं, आणि तिथे बसायला त्यांना फार चांगलं जमलं. सगळे त्यांना ‘भाऊ’ म्हणत. मीही म्हणे.

आमचे सगळे स्कॅन एका सर्व्हरवर साठत. तो मुख्य जिन्याखालच्या खोलीत ठेवला होता. खोली म्हणजे काय, उतरत्या छताची अडगळ. एका बाजूला यूपीएसच्या बॅटऱ्या, दुसऱ्या बाजूला सलाइनची खोकी, गणपतीचं थर्माकोलचं मखर आणि एक चाक मोडलेली व्हीलचेअर. सुरुवातीला तिथे एक एसी होता. पहिल्याच उन्हाळ्यात मालकांच्या केबिनमधला एसी बिघडला, तेव्हा भाऊंनी जिन्याखालचा काढून तिकडे लावला. चंद्रपूरचा मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना मी जास्त सांगायला नको. त्या खोलीत कोणी माणूस दहा मिनिटं उभा राहू शकला नसता. यंत्र बोलत नाही म्हणून ते राहिलं.

या सर्व्हरचं मालकांना भारी कौतुक. कुणी पाहुणा आला, पुढारी आला, की त्याला जिन्याखाली वाकवून ते हिरवे दिवे दाखवत. “यात डबल सेफ्टी आहे,” असं सांगत. विकणाऱ्यानं त्यांना तसं सांगितलं होतं आणि त्यांना तेवढंच लक्षात राहिलं होतं. खरी गोष्ट इतकी अवघड नव्हती. त्या पेटीत पाच हार्ड डिस्क होत्या. माहिती पाचही डिस्कवर अशी विभागून लिहिली जायची, की त्यातली एक मेली तरी उरलेल्या चौघी मिळून तिचं सगळं परत सांगू शकतील. याला रेड म्हणतात. एक डिस्क मेली तर चालतं, पण दुसरी मेली की सगळं संपलं. आणि एक मेली तर ती ताबडतोब बदलायची असते, हे त्यात गृहीत आहे. शिवाय वेगळ्या जागी वेगळी प्रत ठेवायची असते, ते तर निराळंच. ती प्रत ठेवायचं यंत्र घ्या, असं विकणाऱ्यानं सुचवलं होतं. मालक म्हणाले, डबल सेफ्टी आहे ना, मग तिबल कशाला?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत या पेटीवर जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांची छाती जाऊन बसली असेल. मी तेव्हा तिथे नव्हते, माझ्या आधीचे एक रेडिओलॉजिस्ट होते. त्या दिवसांत रांगा लागत होत्या, फिल्मचा तुटवडा होता, आणि फिल्म द्यायचं जे बंद झालं ते पुढे कायमचंच बंद झालं. पेशंटच्या हातात एक पानाचा रिपोर्ट द्यायचा आणि सांगायचं, फोटो सर्व्हरवर आहेत, लागले तर या. लोकांचा विश्वास बसायचा. काऊन नाही बसणार? डॉक्टर सांगतात म्हणजे खरंच असेल.

एका उन्हाळ्यात तो सर्व्हर ओरडू लागला. पाचातला एक दिवा लाल झाला आणि पेटीतून टीं टीं असा आवाज सुरू झाला. जिना चढणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकू यायचा. मालकांच्या केबिनपर्यंतही पोचायचा, आणि तीच खरी अडचण झाली. त्यांनी भाऊंना बोलावून सांगितलं, तो आवाज बंद करा, पेशंट घाबरतात. भाऊंनी नागपूरला विकणाऱ्याला फोन लावला, कुठलं बटण दाबायचं ते विचारून घेतलं आणि आवाज बंद केला. डिस्क बदलायला पाहिजे असंही त्या फोनवर सांगितलं गेलं होतं. ते त्यांनी ऐकून घेतलं.

मी त्यांना विचारलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “बंद करून देल्ला ना मॅडम आवाज. सगळं चालू हाय. तुमचे फोटो दिसून राह्यले ना? मंग?”

मी म्हटलं, एक डिस्क गेली आहे, आता दुसरी गेली तर सगळं जाईल. ते म्हणाले, पाच हायेत. मी म्हटलं, पाचातली दुसरी. ते हसले. बायकांना यंत्राची उगाच भीती वाटते, अशा अर्थाचं काहीतरी बोलून त्यांनी चहा मागवला. मी मालकांकडे गेले. मालक एक्स-रे बघत होते. मान वर न करता म्हणाले, बेटा, तू तुझे रिपोर्ट बघ, मेंटेनन्स तुझं काम नाही.

त्यांचं म्हणणं एका अर्थी बरोबर होतं. माझं काम नव्हतं. ज्याचं होतं तो चहा पीत होता.

तो उन्हाळा सरला, पावसाळा सरला. लाल दिवा लालच राहिला. एक झाडणारी बाई त्याच्यावर फडकं टाकून ठेवायची, कारण भाऊंनी तिला सांगितलं होतं की उजेडानं मच्छर येतात. हे मी रचून सांगत नाही. मग हळूहळू फोटो उघडायला उशीर होऊ लागला. एखादा स्कॅन अर्धाच यायचा, खालचे काप, म्हणजे थराथरानं घेतलेले फोटो, काळे. जुने स्कॅन मागितले की संगणक बराच वेळ विचार करायचा आणि मग चूक दाखवायचा. मालकांना स्वतःला ऑपरेशनच्या ऐन वेळी एका खुब्याचा फोटो मिळाला नाही, तेव्हा मात्र विकणाऱ्याच्या कंपनीचा इंजिनीअर नागपूरहून आला.

हा इंजिनीअर पोरगेला वगैरे नव्हता. चांगला पन्नाशीचा, पोट सुटलेला, कमरेला दोन मोबाईल लावलेला. आल्याआल्या त्यानं विमानतळापासून स्मशानघाटापर्यंत किती मोठमोठ्या ठिकाणचे सर्व्हर बसवले त्याची यादी ऐकवली. भाऊ आदरानं मान हलवत होते. दुपारची वेळ होती, माझं काम अडलेलं, म्हणून मीही जिन्याखाली वाकून उभी होते. मालक बाहेर खुर्ची टाकून बसले होते.

त्यानं लॅपटॉप जोडला. पडद्यावर दिसलं की एक डिस्क केव्हाच मेलेली आहे. तिच्यापुढे क्रमांक लिहिला होता, दोन. त्यानं पेटीवरच्या दोन नंबरच्या खणाची कडी दाबली आणि डिस्क ओढून बाहेर काढली.

आता यातली गंमत अशी, की पडद्यावरचे क्रमांक शून्यापासून सुरू होत होते आणि पेटीवर छापलेले एकपासून. म्हणजे पडद्यावरची दोन ही पेटीवरची तीन. लाल दिवा तिसऱ्या खणावर होता, त्यावर फडकं होतं. या माणसानं धडधडीत जिवंत डिस्क उपटून हातात धरली होती.

सगळे दिवे एकदम लुकलुकले. पडद्यावरची पाटी बदलली. मला तेव्हा नेमकं काय झालं ते कळलं नाही, पण त्याच्या तोंडाकडे बघून काहीतरी भयंकर झालंय एवढं कळलं. त्या क्षणी त्यानं हात मागे घेऊन कुणाला तरी फोन लावला असता, तरी सगळं वाचलं असतं. हे मला पुढे जाणकारांनी सांगितलं. पण बाहेर मालक बसलेले, भाऊ खांद्यावरून बघताहेत. त्यानं घाईघाईनं डिस्क परत आत ढकलली. पेटीनं तिला ओळखायला नकार दिला आणि विचारलं, ही डिस्क दुसरीकडून आलेली दिसते, काय करू? पर्याय दोन होते. जुनी जुळणी परत घ्यायची की पुसून नवी करायची.

भाऊंनी मागून सल्ला दिला, “नवीच करा ना. जुन्यानं तर तरास देल्ला.”

आणि त्यानं नवी केली.

मग तो बराच वेळ वाकून बसला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. शेवटी बाहेर येऊन मालकांना म्हणाला, सर, सर्व्हर आता एकदम फ्रेश आहे. मालकांनी विचारलं, फोटो? तो म्हणाला, सर, डेटाचं थोडं बघावं लागेल. तेवढं बोलून तो चहाला न थांबता गाडीत बसून गेला. त्यानंतर त्याच्या दोन्ही मोबाईलांनी कधी उत्तर दिलं नाही.

डेटा परत काढून देणारी माणसं असतात. मी एकांचा पत्ता काढला. त्यांनी सांगितलं, डिस्क आहेत तशा काढून ठेवा, त्यावर काहीही लिहू नका, पाठवा, बराच भाग निघेल. हे मी मालकांना त्याच संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, विचार करतो. त्यांनी विचार केला तोवर भाऊंनी त्याच डिस्कवर नवे स्कॅन साठवायला सुरुवात केली होती, कारण पेशंट थांबून राहिले होते. जुन्यावर नवं लिहीत गेलं आणि जुनं पुसत गेलं. कुणाला काही वाटलं नाही. उलट मशीन आता फास्ट झालं म्हणून एका टेक्निशियननं कौतुक केलं.

मीटिंग झाली. मालक म्हणाले, कुणी जुने फोटो मागितले तर सर्व्हरचं मेंटेनन्स चालू आहे असं सांगायचं. किती दिवस, असं मी विचारलं. ते म्हणाले, लोक विसरतात बेटा.

बहुतेक लोक विसरले हे खरं आहे. एक बाई विसरल्या नाहीत.

त्या नागभीडजवळच्या एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका होत्या. पन्नाशीच्या आतबाहेर, सडसडीत, केस घट्ट बांधलेले. खोलीत शिरताना “जयभीम मॅडम” म्हणाल्या आणि खुर्चीवर काठावर बसल्या. सोबत त्यांचे यजमान होते, धानाची शेती करणारे, कमी बोलणारे. बाईंना दोन महिने खोकला होता. आमच्याकडे नवा स्कॅन झाला होता आणि तो माझ्या समोर होता. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला एक छोटी गाठ दिसत होती.

अशा गाठीचं एक सोपं गणित असतं. ती दोन वर्षांपूर्वीही एवढीच असेल तर सहसा काळजी करायची नसते, जुना व्रण म्हणायचं आणि सोडून द्यायचं. वाढली असेल तर पळायचं. म्हणजे सगळा निकाल जुन्या फोटोवर. आणि बाईंचा जुना फोटो होता. कोरोनात त्यांचा स्कॅन आमच्याच हॉस्पिटलमध्ये झाला होता. तेव्हाचा रिपोर्ट त्यांनी जपून आणला होता. त्यात कोरोनाबद्दल सगळं होतं आणि शेवटी एक ओळ: उजवीकडे लहान गाठ दिसते. किती लहान, ते लिहिलं नव्हतं. लिहायला तेव्हा कुणाला वेळ नव्हता म्हणतात. एक आकडा लिहायला किती वेळ लागतो, ते मला माहीत आहे.

बाई म्हणाल्या, जुना फोटो काढून दोन्ही शेजारी ठेवून बघा ना मॅडम, नागपूरला ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी तेच मागितलं आहे.

मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि भाऊंकडे गेले. भाऊ म्हणाले, मेंटेनन्स सांगा. मी म्हटलं, या बाईंना सांगणार नाही. ते म्हणाले, तुम्ही जा, मी पाहतो. त्यांनी बाईंना बोलावून फार गोड शब्दांत समजावलं, जुना डेटा शोधावा लागतो, पुढच्या आठवड्यात सीडी तयार ठेवतो. मला हायसं वाटलं. वाटलं, कुठेतरी काही शिल्लक असेल. माझ्या टेबलावरच्या संगणकात मधल्या काळातले थोडे स्कॅन आपोआप साठून राहिले होते, हे मला ठाऊक होतं. त्यात बाईंचा असेल, अशी मी न बघताच समजूत करून घेतली.

पुढच्या आठवड्यात बाई परत आल्या, त्या सरळ माझ्या खोलीत. हातात पाकिटात घातलेली सीडी. पाकिटावर भाऊंच्या वळणदार अक्षरात बाईंचं नाव. त्या खूश होत्या. म्हणाल्या, मिळाला मॅडम, नागपूरला जायच्या आधी तुम्हीच एकदा बघून सांगा.

मी सीडी लावली. छातीचाच स्कॅन होता. वर बाईंचं नाव टाईप केलेलं. मी काप एकेक करून खाली सरकवत गेले. फुफ्फुस स्वच्छ होतं, गाठ कुठेच नव्हती. म्हणजे जुन्या फोटोत गाठ नाही, नव्यात आहे, म्हणजे गाठ नवी, म्हणजे वाईट. मग माझं लक्ष बाकीच्या शरीराकडे गेलं. रुंद खांदे, मोठं हृदय, डाव्या बाजूच्या दोन बरगड्या कधीतरी मोडून सांधलेल्या. आणि छातीवर स्तनांची सावली नाही. तो पुरुष होता.

माझ्या संगणकात जे थोडे स्कॅन उरले होते त्यातला एक उचलून, त्यावर बाईंचं नाव घालून भाऊंनी तो त्यांना दिला होता. जुना रिपोर्ट बाईंच्या हातात होता, त्यात गाठ लिहिली होती, एवढंही बघायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. खोटं बोलायलाही थोडे कष्ट पडतात, ते या माणसाला जमत नव्हते.

मी परत पहिल्या कापापासून बघत गेले. यजमानांनी विचारलं, “का झालं मॅडम? जास्ती हाय का?”

मी म्हटलं, “हा फोटो बाईंचा नाही. दुसऱ्या कुणाचा तरी आहे. तुमचा जुना फोटो या हॉस्पिटलनं घालवला आहे, आणि तो परत मिळणार नाही.”

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, घातला आणि म्हणाल्या, मला दाखवा, कशावरून म्हणता. मी दाखवलं. बरगड्या दाखवल्या, खांदे दाखवले. त्यांनी वर्गात मुलाचं उत्तर तपासावं तसं सगळं नीट पाहिलं. मग विचारलं, हे मुद्दाम केलंय की चुकून? मी म्हटलं, फोटो गेला तो निष्काळजीपणानं. सीडी मुद्दाम केली.

त्या दोघांना घेऊन मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. तिथला तो एसी छान गार चालला होता. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, भाऊंना बोलावलं, आणि भाऊंनी सांगितलं की सीडी बनवताना क्लर्ककडून गडबड झाली असेल. क्लर्क त्या आठवड्यात सुट्टीवर होता. मालकांनी बाईंना पुढचे सगळे स्कॅन फुकट देण्याचं कबूल केलं. आणि मग मला म्हणाले, बेटा, पेशंटसमोर असं बोलायचं नसतं, रिपोर्टमध्ये ‘जुना स्कॅन उपलब्ध नाही’ असं लिहून दे, विषय संपव.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं की जुना स्कॅन याच हॉस्पिटलमध्ये झाला होता, तो साठवण यंत्र बिघडल्यामुळे नष्ट झाला, आणि पेशंटला दिलेली सीडी त्यांची नाही. खाली सही केली, शिक्का मारला आणि बाईंच्या हातात दिला. राजीनामा त्याच दिवशी दिला. त्यात शौर्य काही नव्हतं. गडचिरोलीला एका स्कॅन सेंटरवाल्यानं मला कामासाठी आधीच विचारलं होतं.

नागपूरच्या सर्जननी बाईंपुढे दोन मार्ग ठेवले. तीन महिने थांबा, परत स्कॅन करू, वाढते का बघू. किंवा आत्ताच तेवढा भाग काढून टाकू. बाईंनी मला फोन केला. मी सांगितलं, थांबलात तरी चालेल असं मला वाटतं, पण छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्या म्हणाल्या, त्यांची थोरली बहीण थांबली होती. तिला डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं आणि ती गेली. “मले नाई थांबवत मॅडम,” एवढंच त्या म्हणाल्या. एरवी माझ्याशी शाळेतली शुद्ध भाषा बोलत, तेवढं एक वाक्य घरच्या बोलीत आलं.

ऑपरेशन झालं. फुफ्फुसाचा वरचा भाग काढला. तपासणीत आलं, जुन्या क्षयाचा सुकलेला व्रण. कधीतरी लहानपणी होऊन गेला असेल, कुणाला कळलाही नसेल. कॅन्सर नव्हता. सगळ्यांनी पेढे वाटण्यासारखी बातमी म्हणून अभिनंदन केलं. मालकांच्या कानावर गेलं तेव्हा ते चारचौघांत म्हणाले म्हणे, बघा, काही निघालं का? उगाच त्या मॅडमनं बोंबाबोंब केली.

बाईंना पुढे वर्षभर धाप लागत होती. शाळेचे जिने चढता येईनात, म्हणून त्यांना खालच्या मजल्यावरचा वर्ग दिला. यजमान सांगत होते, फळ्यावर लिहिताना मधे थांबते, पोरं वाट पाहतात. बऱ्या झाल्यावर त्यांनी ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. मला साक्षीला बोलावलं. मी गेले.

सुनावणीला मालक आले होते, पांढरा शर्ट, कपाळावर गंध. भाऊ त्यांच्या मागच्या बाकावर. मालकांच्या वकिलानं आधी सगळा दोष सर्व्हर विकणाऱ्यावर टाकला. विकणाऱ्यानं तोवर कंपनीचं नाव बदललं होतं आणि त्याचा वकील म्हणत होता की आमचा त्या जुन्या कंपनीशी संबंध नाही. मग मालकांच्या वकिलानं यंत्र कधीही बिघडू शकतं, त्याला माणूस काय करणार, असं एक छोटं व्याख्यान दिलं. महिनोन् महिने लाल दिव्यावर फडकं टाकायला कुठलं यंत्र लागतं, हे मला विचारायचं होतं, पण साक्षीदारानं प्रश्न विचारायचे नसतात.

शेवटी तो बाईंकडे वळला. आवाजात साखर आणून त्यानं विचारलं, ताई, तुम्हाला कॅन्सर नव्हता, ही तर तुमच्यासाठी चांगली बातमी झाली ना?

बाई उभ्या होत्या. श्वास जमवायला त्यांना थोडा वेळ लागला.

“चांगली बातमी हो,” त्या म्हणाल्या. “पण ती यांच्या पेटीत होती. मले ती छाती कापाच्या आधी पाहिजे होती.”

वकिलानं कागद चाळले. अध्यक्षांनी बाईंना बसायला सांगितलं. भाऊ मोबाईलमध्ये बघत होते.

निकाल बाईंच्या बाजूनं लागला. भरपाई मालकांनी अपिलात न जाता भरली. त्यांना ती जडही गेली नसेल. त्याच महिन्यात त्यांनी गडचिरोलीत दुसऱ्या हॉस्पिटलचं भूमिपूजन केलं आणि पेपरात पानभर जाहिरात दिली. भाऊ आता तिथे बसतात. तो इंजिनीअर विकणाऱ्याच्या नव्या नावाच्या कंपनीत आहे आणि कुणाच्या तरी जिन्याखाली वाकून डबल सेफ्टी समजावून देत असेल. यांच्यातल्या कुणालाही लाज वाटली असेल, असं समजायला मला आजवर काही कारण मिळालेलं नाही.

निकालाच्या दिवशी बाहेर पार्किंगमध्ये मालक माझ्यापाशी आले. मला वाटलं, भांडतील. ते खांद्यावर हात ठेवायला गेले, मी बाजूला झाले. म्हणाले, जुनं सोड बेटा, नव्या हॉस्पिटलला चांगला रेडिओलॉजिस्ट पाहिजे, आजकाल माणसं मिळत नाहीत. मी म्हटलं, मला बेटा म्हणू नका. ते हसले, जणू मी काही लाडिक बोलले, आणि गाडीत बसून गेले.

बाई आणि त्यांचे यजमान फाटकाजवळ उभे होते. नागभीडची बस सुटायला वेळ होता. समोरच्या टपरीवर आम्ही तिघांनी चहा घेतला. माझ्या तोंडून मालकांबद्दल बरंच काही बाहेर पडलं. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी आहे, साहेब येणार आहेत, भिंतीवरचे तक्ते अजून लावायचे राहिलेत. यजमान म्हणाले, मी लावून देतो, तू स्टुलावर चढू नको. त्या म्हणाल्या, तुम्हाला सरळ लावता येत नाहीत. त्यावर दोघांची थोडी बाचाबाची झाली, आणि बस लागल्यावर दोघं तशीच बोलत चढली.